राणीबाग, गोराई, माहीम, खोपोली : तिकिटांच्या मागावर

परळची चाळ टॉवरसाठी रिकामी करायची वेळ आली तेव्हा दादाला माळ्यावरच्या ट्रंकेत माझी तिकिटांची पिशवी सापडली. लहानपणी मी मिळेल ते तिकीट जमवायचे. बेस्टच्या बसचं, राणीबागेचं, जत्रेतल्या पाळण्याचं, तरीचं. आईने ती पिशवी रेशनकार्डाच्या शेजारी ठेवली होती, म्हणजे तिच्या लेखी ती महत्त्वाची कागदपत्रंच. दादाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि मग 'हे कुठलं गं', 'हे माहीमचं की माउंट मेरीचं' असं बराच वेळ चाललं. त्यातून ही सफर ठरली. मी नाशिकहून यायचं आणि तिकिटांवरची ठिकाणं जमतील तशी बघायची.

दादाचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. जगातल्या रोलर कोस्टरची उंची आणि वेग त्यांना आपल्याला पाढे असायचे तसे पाठ आहेत. त्यांनी अट घातली, "आत्या, जुनं सगळं बघू. पण शेवट खोपोलीच्या इमॅजिका पार्कातल्या नायट्रो कोस्टरवर. आणि तू खाली पर्स सांभाळत उभी राहायची नाहीस."

डिसेंबर मुद्दाम निवडला. एकतर मुंबईत त्याच महिन्यात माणसासारखं फिरता येतं, आणि दुसरं म्हणजे माहीमची जत्रा. पंचवटीने दादरला उतरले तेव्हा फलाटावर लोक चक्क स्वेटर घालून उभे होते. नाशिकच्या माणसाला हे बघून हसू येणारच.

शनिवार : राणीबाग, म्हातारीचा बूट, डबलडेकर

राणीबागेचं सरकारी नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. टॅक्सीवाल्याला मात्र अजून 'राणीबाग' सांगितलं की पुरतं. २०१७ मध्ये इथलं मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच ओरड झाली होती. त्याच वर्षी हम्बोल्ट पेंग्विन लोकांना बघायला खुले झाले. माझ्या पिशवीतलं राणीबागेचं तिकीट त्याच्या कितीतरी आधीचं, पैशांच्या हिशेबातलं. शाई इतकी उडालेली की किंमत उन्हात तिरकी धरून वाचावी लागते.

पेंग्विन बघायला काचेसमोर ही गर्दी! बाहेर घाम आणि आत गार हवा, त्यामुळे निम्मे लोक पेंग्विनसाठी आणि निम्मे एसीसाठी उभे असावेत असा माझा संशय. पेंग्विन गोंडस आहेत, पोहताना तर फार सुंदर दिसतात, पण मला बघायची होती ती हत्तीच्या फेरीची जागा. आमच्या लहानपणी इथे हत्तीच्या पाठीवर पाटासारख्या बाकांवर पोरांना बसवून फिरवायचे. हत्ती चालायला लागला की पोटात जो गोळा यायचा, ती माझी आयुष्यातली पहिली 'राइड'. दादाला तो रस्ता नेमका आठवत होता, मला दुसराच आठवत होता. दोघंही खात्रीने बोट दाखवत राहिलो. मुक्या जनावराचे हाल थांबले हे उत्तमच झालं. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांना 'एलिफंटा' हे नाव सुचलं तोच.

राणीबाग बुधवारी बंद असते. जाणार असाल तर सकाळीच जा, दुपारी प्राणी झोपतात आणि पोरं चिडतात. संग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे पण सोडू नका, आतल्या जुन्या मुंबईच्या छोट्या प्रतिकृती बघण्यासारख्या आहेत.

दुपारी गिरगावात पणशीकरांचं पियूष पिऊन मलबार हिल गाठलं. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट तसाच आहे, फक्त आपण मोठे झालो की तो लहान का होतो कोण जाणे. चिरंजीवांनी बाहेरून एक फोटो काढला आणि विषय संपवला. त्यांना ओढ होती ती जवळच्या नव्या उन्नत मार्गाची. २०२५ च्या मार्चमध्ये महापालिकेने हा सुरू केला. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा ४८५ मीटर लांबीचा लाकडी रस्ता आहे आणि एका ठिकाणी पायाखाली काच. तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढायचं, वेळ ठरवून. दारात मोबाईलवरचा तो काळा-पांढरा चौकोन दाखवायचा, यंत्र 'टिंग' म्हणतं, की आत. काचेवर उभं राहून खाली बघताना पाय आपसूक कडेला सरकतात. एक आजी काचेच्या अलीकडेच थांबल्या होत्या. नातू म्हणाला, "काही होत नाही आजी." त्या म्हणाल्या, "तुला नाही होत. मला होतं." पलीकडे झाडांच्या फटीतून चौपाटी आणि समुद्र, धुरकट होता पण होता. शनिवार-रविवारी जायचं असेल तर आधीच वेळ राखून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही.

संध्याकाळी माझा हट्ट होता डबलडेकरचा. जुनी, डिझेलवर धावणारी लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची एसी डबलडेकर आली होती. सीएसएमटीहून ११५ नंबरची पकडली, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळवायला दादाने या वयात जी धाव घेतली ती बघण्यासारखी होती. पूर्वी त्या सीटसमोरची खिडकी उघडी असायची, वारा थेट तोंडावर यायचा आणि झाडाची फांदी काचेवर आपटली की वरचा मजला एकसुरात ओरडायचा. आता काच बंद, आत गार. फांदी दिसते पण ऐकू येत नाही. कंडक्टरच्या हातात यंत्र, त्यातून फिकट कागदाची पट्टी निघते. ही पट्टी जमवून ठेवण्यात अर्थ नाही, काही महिन्यांत कोरी होते. जुन्या कंडक्टरकडे पत्र्याचा लांबट डबा असायचा, त्यात किमतीप्रमाणे रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, आणि बोटांत पंच. तो पंच रिकामाच टिकटिकवत यायचा, म्हणजे झोपलेल्यांनी सुटे पैसे काढावेत.

रविवार सकाळ : गोराई

बोरिवलीहून गोराई खाडीची जेट्टी, तिथून खाडी ओलांडणारी बोट, म्हणजे तर. जाणं-येणं सरळ आहे, फक्त परतीची वेळ आधी विचारून ठेवा आणि सुटे पैसे बाळगा.

एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की चाळीतली सगळी पोरं बरोबरीने गायची, आणि सगळ्या आया बरोबरीने ओरडायच्या. आम्हाला जायला मिळालं ते पुढे कॉलेजच्या ग्रुपबरोबर. आत जायचं तिकीट ग्रुपमधल्या एकीच्या पर्समध्ये राहिलं आणि माझ्या पिशवीत आलं फक्त तरीचं, कोपरा फाडलेलं. पण खरं सांगायचं तर आठवणीत ती तरच जास्त आहे. खाडीच्या मध्यावर आलं की तिवरांच्या वर लोखंडी सांगाडा दिसायला लागायचा, त्यावरून डबे खाली येताना दिसायचे आणि किंकाळी थोडी उशिरा पोचायची. अजून तिकीट फाटलं नाही, अजून आपली पाळी यायची आहे, आणि पोटात सुरू झालेलं आहे.

कोरोनानंतर तिथल्या राइड्स बंद पडल्या. शेजारचं १९९८ चं वॉटर किंगडम आहे. चिरंजीव आणि त्यांचे दोन मित्र तिकडे गेले, लाटांच्या तलावात सुकटासारखे सुरकुतून परत आले. डिसेंबरातही दुपारी पाण्यात बरं वाटतं, पण चार वाजले की बाहेर पडा, नंतर वारा लागतो.

आम्ही मोठी माणसं पॅगोडात गेलो. विपश्यनेच्या त्या सोनेरी घुमटाचं उद्घाटन २००९ मध्ये झालं. आत एकही खांब नाही, दगडांना एकमेकांत अडकवून एवढा मोठा घुमट तोललाय, आणि खाली सुमारे ८,००० माणसं ध्यानाला बसू शकतात. प्रवेश फुकट. आजवर मी ज्या बांधकामांत जीव मुठीत धरून बसले त्यांचाही सगळा खेळ वजन कुठून कुठे जातं याचाच होता. इथे ते वजन हलत नाही एवढाच फरक.

जेट्टीवर एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या, मावशी भाजी घेऊन बसल्या होत्या. गोराईचा पांढरा कांदा आणि मुळा, शेजारी सुक्या बोंबलांची जुडी. पूर्वी त्यांची आई इथे शाळांच्या सहलींना बोरं आणि मीठ लावलेल्या कैऱ्या विकायची. सहलीचा दिवस आधी कळायचा, कारण बोटवाला आदल्या दिवशी सांगून जायचा. जाताना पोरं घेत नाहीत, म्हणाल्या, येताना घेतात. जाताना पैसे खेळण्यासाठी राखून ठेवलेले असतात. मी मुळा घेतला. वहिनी म्हणाल्या, "आता हा मुळा जत्रेत फिरवणार का?" आणि खरंच, तो मुळा माझ्या पिशवीतून पानं बाहेर काढून माहीमची जत्रा बघून आला.

रविवार संध्याकाळ : माहीमची जत्रा

मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याची ही जत्रा, डिसेंबरात पौर्णिमेच्या सुमाराला. पहिला मान माहीम पोलिसांचा असतो. पोलीस संदल, म्हणजे दर्ग्यावर चढवायचं चंदन, घेऊन निघतात, बॅन्ड वाजतो, रस्ता भरून जातो. आम्ही पोचलो तेव्हा ती गडबड होऊन गेली होती आणि नुसती जत्रा उरली होती, जी मला हवी होती. टेबलाएवढे पराठे तळणारे, त्यावर केशरी हलवा, खाजाचे डोंगर, प्लॅस्टिकच्या भिंगऱ्या, आणि माणसांमधून माणूस जाईल एवढीच वाट. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी घाला. दागिने घरी ठेवा. मोबाईल पुढच्या खिशात.

इथे, वाळूच्या कडेला, मला माझं तिकीट परत भेटलं. पाळण्याच्या खिडकीत एका माणसासमोर गुलाबी, पिवळ्या आणि पोपटी तिकिटांची गड्डी होती, खालच्या बाजूला दोऱ्याने शिवलेली. पतंगाच्या कागदासारखा कागद, वर आकडा, मध्ये टिंबांची रेघ, एका बाजूला पाळण्याचं चित्र इतकं पुसट की ते छत्रीचंही असू शकेल. माझ्या पिशवीतल्या गुलाबी तिकिटावरही असंच चित्र आहे. मी ते काढून खिडकीवर ठेवलं. त्या माणसाने दोन्ही शेजारी ठेवून बघितली, उलटवून मागची बाजू बघितली आणि म्हणाला, "हे चालणार नाही बाई." मग स्वतःच हसला.

गर्दी अजून जमायची होती म्हणून बोलायला वेळ होता. मूळ गाव बार्शीकडचं. वडीलही पाळणेवालेच. तेव्हाचा पाळणा लाकडी, चार पेट्यांचा, माणूस वर चढून आपल्या वजनाने तो खाली ओढायचा आणि खाली आला की उडी मारायचा. गिरगाव चौपाटीवर आम्ही बसायचो तोही असाच हाताने फिरवायचा होता. आता मोटर आहे, दिव्यांची माळ आहे, गाणी आहेत. इथलं संपलं की सामान ट्रकवर चढवून सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला. संक्रांत तिकडेच. रंग कशासाठी विचारलं तर म्हणाला, गुलाबी पाळण्याचं, पिवळं ब्रेक डान्सचं, पोपटी ड्रॅगनचं. दारावर जो पोरगा उभा असतो त्याला वाचायला फुरसत नसते, लांबून रंग दिसला की आत सोडतो. मोबाईलवर पैसे घेतो, पण तिकीट कागदाचंच देतो. "हातात काही नसलं तर गिऱ्हाईकाला वाटतच नाही आपण पैसे दिले."

ब्रेक डान्स की पाळणा यावर आमच्यात वाद झाला. प्रत्येकाचं वेगळं तिकीट, मग हिशेब आलाच. लहानपणी बाबा दोन रुपये द्यायचे आणि सांगायचे, काय करायचं ते करा. सगळी जत्रा एकदा नुसती बघायची, मग ठरवायचं, आणि ठरवलेलं तिकीट मुठीत धरून रांगेत उभं राहायचं. मुठीच्या घामाने रंग हाताला लागायचा. ज्याने पाळणा निवडला तो मौत का कुआँ बघणार नाही हे पक्कं असायचं, आणि घरी गेल्यावर ज्याने कुआँ निवडला त्याच्याकडून ते सगळं ऐकायचं. दादाने एका वर्षी मला इतकं रंगवून सांगितलं होतं की आपण तो बघितलाय असं मला आजवर वाटत होतं.

या वेळी खरंच बघितला. लाकडी फळ्यांची विहीर, वर गोल कठडा, तिथे आपण उभे. मोटारसायकल खालच्या उतारावर दोन फेऱ्या मारते आणि मग सरळ भिंतीवर चढते. कठड्याला हात टेकला होता, प्रत्येक फेरीला फळ्या हातात थरथरत होत्या. चिरंजीव कानात ओरडून समजावत होते की वेग वाढला की भिंत चाकांना आतल्या बाजूला रेटते, त्या दाबामुळे घर्षण वाढतं आणि घर्षण गाडीला खाली येऊ देत नाही, वेग कमी झाला की संपलं. एवढ्यात त्या स्वाराने दोन्ही हात सोडले आणि समोरच्या माणसाच्या हातातली नोट काढून घेतली. चिरंजीवांचं शास्त्र तिथेच थांबलं. हेल्मेट नव्हतं. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते मला कळेना, वाजवल्या.

पाळणाही घेतला. वर गेल्यावर एका बाजूला सी लिंकचे दिवे, दुसरीकडे काळा समुद्र, आणि खाली तळणीचा धूर. पाळणा माणसं भरायला थांबतो आणि आपली पेटी नेमकी सगळ्यात वर डोलत राहते, तेवढी दोन मिनिटं पैसे वसूल होतात.

हलवा-पराठा खाताना चिरंजीवांनी डिस्नीलँडची गोष्ट सांगितली. आमच्या गुलाबी-पोपटीसारखीच तिकडे अक्षरं होती. १९५५ च्या जुलैत कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकिटांची पुस्तकं विकायला लागले. ए, बी, सी. पुढच्या वर्षी डी आलं. १९५९ मध्ये मॅटरहॉर्न नावाचा बर्फाळ डोंगरातून जाणारा कोस्टर, पाणबुडी आणि मोनोरेल अशी मोठी आकर्षणं आली, तेव्हा त्यांच्यासाठी ई काढलं. पुस्तकात ई थोडी असायची आणि आधी तीच संपायची. ए तिकिटं मात्र कितीतरी घरांत खणात पडून राहिली, कारण ती घोडागाडीसारख्या निवांत प्रकारांची होती. १९८२ मध्ये ही पुस्तकं बंद झाली, एकदा पैसे भरा आणि हवं तितकं फिरा. पण शब्द उरला. १९८३ मध्ये अमेरिकेची अंतराळवीर सॅली राइड अंतराळात गेली तेव्हा चॅलेंजर यानातून तिने ते उड्डाण म्हणजे ई तिकीट असल्याचं सांगितलं होतं.

"म्हणजे मोनोरेलला सगळ्यात महाग तिकीट?" दादाने विचारलं. मुंबईत मोनोरेल आली २०१४ मध्ये, चेंबूर ते वडाळा, आणि तिच्यात बसायला मी एकदाही कुणाला आतुर झालेलं पाहिलं नाही. उंची तीच, खिडकीतून दिसणारी धाबी वेगळी.

निघताना दोन डबे माहीम हलवा घेतला. हा पराठ्यावरच्यासारखा मऊ नसतो, पातळ चौकोनी वड्या असतात, प्रत्येक दोन वड्यांत कागद. घरी न्यायला हाच बरा, टिकतो.

सोमवार : खोपोली

इमॅजिकासाठी मुद्दाम सोमवार ठेवला, सुट्टीच्या दिवशी तिथे रांगेतच दिवस जातो असं सगळेच सांगतात. खोपोली लोकल कमी आहेत. वेळ साधली तर स्वस्त आणि मस्त, चुकली तर तासन् तास. आम्ही माणसं जास्त म्हणून गाडी केली. चालकाने वाटेत एक्सप्रेसवेवरचं खोपोलीचं वळण सोडलं आणि पुढे घाटाच्या तोंडाशी जाऊन दोष नकाशाला दिला, तेवढं सोडून प्रवास नीट झाला. सकाळी खोपोलीत गारवा होता, सह्याद्रीच्या भिंतीवर ऊन नुकतं उतरत होतं.

२०१३ मध्ये हे उद्यान सुरू झालं. हल्ली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. दारात मनगटावर कागदी पट्टा चिकटवतात, झालं. आत सगळं तुमचं. पहिल्यांदा मला हे फारच श्रीमंती वाटलं, पण मग दुपारपर्यंत एक मजेदार गोष्ट लक्षात आली की निवड करायची नसल्यामुळे आम्ही सगळे भरभर चाललो होतो. हे झालं, ते झालं, आता पुढे. कुणीही कुणाला 'कसं होतं सांग ना' म्हटलं नाही, कारण सगळे सगळीकडे बसत होते.

त्यातलं मनात राहिलेलं सांगते. राजासॉरसची बोट लहान-मोठ्या सगळ्यांना आवडेल. अंधारातून जाते, शेवटी पाण्यात धपकन उतरते, पुढच्या रांगेतल्यांनी भिजायची तयारी ठेवावी. हा राजासॉरस काल्पनिक नाही बरं का, नर्मदेच्या खोऱ्यात गुजरातेत त्याची हाडं मिळाली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. डीप स्पेस हा बंद इमारतीतला, पूर्ण अंधारातला कोस्टर. चढ नाही, एकदम ढकलूनच देतात. कुठे वळणार हे दिसतच नाही, म्हणून डोकं मागे टेकवून बसा, नाहीतर मानेला झटके बसतील. स्क्रीम मशीन हा मोठा झोका, सगळे गोल बसलेले, झोका फिरतही असतो. वहिनी त्यावर दोनदा बसल्या. ज्या वहिनींना लिफ्टमध्ये घाबरायला होतं त्या.

जेवण आत महाग आणि बेतास बात. सकाळी भरपेट खाऊन या आणि मोठ्या राइड्स जेवणाआधी उरका. पायात पट्ट्याच्या चपला किंवा बूट, चष्म्याला दोरी.

नायट्रो शेवटी ठेवला होता. लांबून दिसतो तो नुसत्या जाड नळ्यांचा गुंता. उंची ४० मीटरच्या आसपास, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि पाचदा माणूस उलटा. बनवणारी कंपनी स्विस, बोलिगर अँड माबियार. या नळ्यांचं मूळही पुन्हा १९५९ च्या मॅटरहॉर्नमध्येच आहे, पोलादी नळ्यांचे रूळ असलेला तो पहिला कोस्टर. त्याआधी लाकडाच्या चौकटीवर पट्टीचे रूळ असायचे, त्यांना असं पिळता-वळवता येत नव्हतं. रुळाला वरून, बाजूने आणि खालून धरणारी चाकं लाकडी कोस्टरांच्या काळापासूनच होती, नळी आली म्हणून रूळ हवा तसा वळवता आला, आणि चाकांच्या त्या पकडीमुळे उलटं होऊनही डबा रुळावर राहतो. चिरंजीव हे रांगेत सांगत होते आणि माझ्या पुढे उभी असलेली कल्याणची दोन मुलंही कान देऊन ऐकत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "काकी, तुम्ही बसणार?" आणि मग न बसणं शक्यच नव्हतं.

बसलं की खांद्यावरून जड कमान खाली येते, कर्मचारी प्रत्येकाची कमान ओढून बघतो. मग पायाखालची जमीन जाते. शब्दशः. तळाची फळी खाली सरकते आणि पाय लोंबकळतात. चपला काढून कडेच्या कप्प्यात ठेवलेल्या, त्यामुळे अनवाणी पायांना वारा लागत होता. साखळी खड-खड-खड करत वर नेते. वर एक क्षण समोर घाट, खाली वाळलेलं गवत, कुठेतरी गाय. आणि मग...

मग मी ओरडले का? दादा म्हणतो ओरडलीस, मला माझा आवाज आठवत नाही. आठवतं ते पहिल्या वळशाच्या माथ्यावर अंगावरचं सगळं वजन नाहीसं झालं ते, आणि माझे पाय आकाशात दिसले ते. हत्तीच्या पाठीवर पोटात आलेला गोळा आणि हा गोळा एकाच घरचे आहेत, पण हा थोरला. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा इथे बसावं. माझ्या पिशवीतल्या कुठल्याही तिकिटावर असलं काही मिळालं नव्हतं. उतरल्यावर गुडघे कापत होते आणि मी सरळ परत रांगेत गेले, सोमवार असल्यामुळे रांग नव्हतीच.

गर्दीच्या दिवशी मात्र जास्त पैसे भरून वेगळ्या रांगेतून पुढे जायची सोय असते. डिस्नीलँडातही आता तेच आहे. १९९९ पासून रांग टाळायचा पास फुकट मिळायचा, २०२१ पासून तो विकत घ्यावा लागतो, आणि सगळ्यात गाजलेल्या राइड्ससाठी तर एकेकीचे वेगळे पैसे. म्हणजे १९८२ मध्ये गेलेलं ई तिकीट मागल्या दाराने परत आलं म्हणायचं, आता राइड नाही विकत, रांगेतला वेळ विकतात. मला हे आवडलं नाही. माहीमला दोन रुपये असलेलं पोर आणि वीस रुपये असलेलं पोर एकाच रांगेत उभं असायचं. वीसवाला जास्त वेळा बसायचा, पण आधी नाही. चिरंजीवांना यात काही वावगं वाटत नाही. "आत्या, तुला नाशिकला परत जायचंय, वेळ कमी आहे, तू घेशील की नाही?" मी उत्तर टाळलं.

येताना खोपोलीत रमाकांतचे वडे. गर्दी असते, पण हात भराभर चालतात, आणि वड्याबरोबरची कोरडी लाल चटणी जास्त मागून घ्यावी. वहिनींनी एक वाक्य इथे मुद्दाम घालायला सांगितलंय : मानेचा किंवा पाठीचा त्रास असेल तर नायट्रोवर बसू नका, तसा फलक रांगेच्या सुरुवातीलाच लावलेला आहे, आणि दादाने तो मोठ्याने वाचून दाखवला होता.